चाकांवरच्या घरातील ऊब

आपल्या बडोद्यातील अनेकांची मुले अमेरिकेत स्थिरावली आहेत. आईवडील गेले की ती मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेऊन भटकंतीला नेतात. रात्री पारा शून्याखाली उतरला की प्रश्न येतो : ऊब प्रोपेनची की विजेची? आमचे जावई खर्चाचा हिशेब मांडत होते. मी बालरोगतज्ज्ञ, माझी नजर नातवाच्या श्वासाकडे.

तळावर वीजजोडणी असेल तर विजेचा हीटर उत्तम; ज्वलन नाही, म्हणून विषारी वायूचे भय नाही. मात्र १५०० वॉटचा एक हीटर तिथल्या १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो. रानात वीज नसते, तेथे प्रोपेनच. त्याची भट्टी बंदिस्त हवी : हवा बाहेरून घेणारी, धूर बाहेर सोडणारी. उबेसाठी स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणे सर्वथा त्याज्य. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनवरील पकड प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक. बालकाचा श्वास जलद, म्हणून बाधा बहुधा त्याला आधी. आणि साधा पल्स ऑक्सिमीटर तेव्हाही ९८ दाखवू शकतो!

निजण्यापूर्वी मी डिटेक्टरची कळ दाबून त्याचा कर्णकर्कश आवाज ऐकला. जावई हसले, पण वीजजोडणीच्या तळावरच मुक्काम ठेवला.