खिशातील स्मरणवही

वैद्यकीय व्यवसायात विसरणे हा केवळ स्वभावदोष राहत नाही. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. ती हुकली, तर बाळाची दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा तारखा सांभाळण्यासाठी मी टेबलावरील डायरी सोडून ‘एव्हरनोट’ या ॲपकडे वळले.

२००८ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे ॲप म्हणजे खिशातील स्मरणवहीच. टिपण दवाखान्यातील संगणकावर लिहावे आणि घरी मोबाईलवर वाचावे. टिपणांच्या निरनिराळ्या वह्या कराव्यात, एका शब्दावरून जुने टिपण शोधावे. २०२१ मध्ये त्यात कामांची यादीही आली. काम झाले की पुढे खूण करायची.

या खुणेनेच मला एकदा फसवले. मुदतपूर्व जन्मलेल्या एका बाळाच्या आईला मी नेत्रतपासणीची वेळ फोनवर कळवली, खूण केली आणि निश्चिंत झाले. काही दिवसांनी बाळाचे वजन करायला आलेल्या आजी सहज म्हणाल्या, “त्या दिवशी गाडीच मिळाली नाही हो, गेलोच नाही.” मुदतीचा एकच दिवस उरला होता. त्याच संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांनी बाळाला पाहिले; सुदैवाने तेव्हा उपचारांची गरज नव्हती. निरोप देण्याचे काम पूर्ण झाले होते, डोळे तपासण्याचे नव्हे. दोष ॲपचा नव्हता. मी काम चुकीचे लिहिले होते. आता ‘फोन केला’ असे न लिहिता ‘अहवाल पाहिला’ असे लिहिते.

दुसरी शंका गोपनीयतेची. मार्च २०१३ मध्ये या सेवेत घुसखोरी झाली आणि सुमारे ५ कोटी वापरकर्त्यांना संकेतशब्द बदलावे लागले. डिसेंबर २०१६ मध्ये काही कर्मचाऱ्यांना टिपणे वाचण्याची मुभा देणारे धोरण जाहीर झाले. टीकेनंतर ते मागे घेण्यात आले. पुढे मालकी इटलीतील ‘बेंडिंग स्पून्स’कडे गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापरावर ५० टिपणे व एक वही अशी मर्यादा आली. परक्याच्या वाड्यात बिऱ्हाड केले की घरमालकाचे नियम पाळावे लागतात, तसेच हे.

म्हणून रुग्णाचे नाव, निदान आणि छायाचित्रे मी तेथे ठेवत नाही. फक्त नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहिते. मूळ नोंद दवाखान्यातील केसपेपरवरच असते. टिपणांची एक प्रत अधूनमधून स्वतःच्या संगणकावर उतरवून घेते.

ॲप मी सोडलेले नाही. ते तारीख विसरत नाही, हे त्याचे उपकार मान्य आहेत. परंतु बाळ खरोखर तपासणीला पोहोचले का, हे विचारण्याचे काम अजूनही आपलेच आहे.