अर्ध्या तासाचं इंधन

दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या ए-320 विमानाच्या इंधनाचा कागद वाचायला सोपा असतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला साधारण 200 किलो. प्रवासाला 5,000च्या आसपास. वारा उलटा लागला किंवा हवी ती उंची मिळाली नाही, तर त्यासाठी प्रवासाच्या इंधनाचे 5 टक्के, म्हणजे 250. मुंबईत उतरता आलंच नाही तर अहमदाबाद गाठायला 2,000. आणि सगळ्यात शेवटी 1,100 किलो. विमानतळावर दीड हजार फुटांवरून अर्धा तास घिरट्या घालता येतील, एवढं हे इंधन. विमानाचं वजन आणि वारा पाहून आकडे रोज बदलतात, पण यातली एकही ओळ गाळता येत नाही.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. हा कागद आम्ही तयार करतो, कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, तो तपासतो, आणि किती इंधन भरायचं याचा शेवटचा शब्द त्याचा. माझं माहेर पेण तालुक्यातलं जिते. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला गणपतीचे कारखाने. शेवटच्या त्या अर्ध्या तासाला आम्ही फायनल रिझर्व्ह म्हणतो. ते काय असतं, हे घरी सांगताना मी म्हटलं होतं की ते बियाण्याचं भात आहे. घरात कितीही ओढ असली तरी ते कुणी कांडायला काढत नाही. आईला लगेच कळलं.

पावसाळ्यात खरं काम असतं ते या कागदावर नसलेल्या ओळीचं, म्हणजे जास्तीच्या इंधनाचं. जुलैच्या रात्री मी रडार बघत असते. समुद्रावरून पावसाचा पट्टा येताना दिसतो. विमान दोन तासांनी पोचेल, तेव्हा तो नेमका कुठे असेल? फोनवर कमांडर विचारतो, “मुंबईत होल्डिंग किती चाललंय?” उतरण्याआधी घालाव्या लागणाऱ्या घिरट्यांना आम्ही होल्डिंग म्हणतो. मी म्हणते, “आत्ता वीस मिनिटं, पण वाढेल.” “मग चाळीस मिनिटांचं टाका.” या एवढ्या संवादातून जवळपास दीड हजार किलो इंधन वाढतं. ते फुकट येत नाही. जास्तीचं वजन वाहून नेण्यातच तासाला त्यातलं साधारण 3 टक्के जळतं. कधी वजनाच्या मर्यादेमुळे सामान किंवा प्रवासी उतरवावे लागतात. तरी पावसाळ्यात अशी मागणी आली की मी कधी घासाघीस करत नाही.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं होतं की मुंबईवर विमानांना सरासरी 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, आणि 40 मिनिटांत 1.7 किलोलिटर इंधन, म्हणजे सुमारे 1.8 लाख रुपये जळतात. त्यानंतर गर्दीच्या वेळची विमानं तासाला 46 वरून 44 वर आणली गेली.

आता उलव्याला, आमच्या जित्याच्या उत्तरेला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. गावातले लोक विचारतात, “मग आता मुंबईत जमलं नाही तर इथे उतरायचं, अहमदाबाद कशाला?”

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर अर्धंच हो आहे. दोन्ही विमानतळांत हवेतून जेमतेम 25 किलोमीटर अंतर. 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं आणि ती धावपट्टी कित्येक दिवस बंद राहिली. असं काही झालं तर जवळ दुसरी धावपट्टी असणं फार मोलाचं. पावसाचं तसं नाही. सांताक्रूझला दिसेनासं करणारा ढग थोड्याच वेळात पनवेल-पेणवर असतो. जवळचा पर्याय इंधन वाचवतो, पण त्याच ढगाखाली असेल तर तो पर्यायच नव्हे. म्हणून पावसाळी रात्री मी लांबचं गाव निवडते.

लांबचं गावही दगा देऊ शकतं. त्याच महिन्यात, 15 जुलै 2019 ला, मुंबईहून दिल्लीला निघालेलं विस्ताराचं विमान दिल्लीच्या खराब हवेमुळे लखनौकडे वळलं. तिथे पोचताच दृश्यमानता एकाएकी घसरली. वैमानिक प्रयागराजकडे निघाले. तेवढ्यात लखनौ निवळल्याचं कळलं, तेव्हा परत फिरले, ‘मेडे’ हा आणीबाणीचा संदेश पुकारला आणि उतरले. टाकीत काही मिनिटांचंच इंधन उरलं होतं. हा प्रसंग वाचल्यापासून मी पर्यायी विमानतळाचं हवामान विमान उतरेपर्यंत बघत राहते, फक्त उड्डाणाआधी नाही.

त्यांनी मेडे म्हटलं, हे महत्त्वाचं. 25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कजवळ अवियांका कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं आणि 73 माणसं गेली. इंधन संपत आलंय असं वैमानिक सांगत होते, पण आणीबाणी त्यांनी जाहीर केली नाही. आज नियम स्पष्ट आहेत. आणखी उशीर झाला तर फायनल रिझर्व्हला हात लागेल असं दिसलं की ‘मिनिमम फ्युएल’ कळवायचं. हात लागणारच हे नक्की झालं की ‘मेडे फ्युएल’.

पण चांगल्या कमांडरवर ही वेळ येत नाही, कारण तो त्याआधीच वळतो. इंधनाचा ठरवलेला आकडा आला की आणखी एक घिरटी नाही, “पाच मिनिटांत उघडेल” नाही, सरळ अहमदाबाद. विमानात त्यावर आरडाओरडा होतो, एअर होस्टेसना बोल ऐकावे लागतात. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात नीट झालेलं काम तेच असतं.

गणपतीला विमानाने मुंबईला येऊन पुढे पेण-रोह्याकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. भाद्रपदातही पाऊस असतो. पनवेलवरून जाणाऱ्या रोहा मेमूच्या वेळेला टेकून विमानाचं तिकीट काढू नका, मध्ये एक रात्र मोकळी ठेवा. आणि विमान अहमदाबादला उतरलं तर कर्मचाऱ्यांवर ओरडू नका.