लपवून वाळवू नका



आजचा विषय थोडा लाजेचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. आपण आज ब्रा घरी कशी धुवावी आणि कशी सांभाळावी याविषयी बोलणार आहोत. आपल्या आया-मावश्या तिला ‘बॉडी’ म्हणत. आरोग्याच्या सदरात हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण मी पुष्कळ वर्षं नर्सचं काम केलं आहे. उन्हाळ्यात स्तनांखाली पुरळ आलेल्या कितीतरी वयस्क बायका मी पाहिल्या. बहुतेकींनी ते दोन-तीन महिने अंगावर काढलेलं असायचं. लाजेपोटी डॉक्टरला दाखवलेलं नसायचं आणि लेकी-सुनांनाही सांगितलेलं नसायचं.

माझ्या सख्ख्या मावशीचीच गोष्ट घ्या. ती अशदोदला राहते, वय 82, अंगात मधुमेह. एका उन्हाळ्यात तिच्या दोन्ही स्तनांखाली लाल चट्टे आले, खाज आणि आग व्हायला लागली. कुपात होलीमच्या डॉक्टरांनी बुरशीवरचं मलम दिलं. दोन आठवड्यांत बरं वाटलं. महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा मलम, पुन्हा चट्टे. मावशी म्हणाली, “अगं, मलमात काही दम नाही.”

त्या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे आठवडाभर राहिले, तेव्हा खरं कारण दिसलं. मावशी ब्रा धुऊन न्हाणीघराच्या दारामागे खुंटीवर अडकवायची आणि वरून टॉवेल टाकायची. का, तर समोरच्या इमारतीतल्या पुरुषांना दिसू नये. मुंबईच्या चाळीत ती लहानाची मोठी झाली. तिथे बायका असले कपडे परकराखाली झाकूनच दोरीवर घालत. ती सवय तिच्याबरोबर विमानातून इथे आली. पण बंद न्हाणीघरात, त्यातून अशदोदच्या दमट हवेत, टॉवेलखाली कापड वाळतं कुठे? सकाळी मावशी तीच ओलसर ब्रा अंगात घालायची.

पुरळ का येतं?

जिथे कातडीला कातडी चिकटते, घाम साचतो, वारा लागत नाही, तिथे कातडी मऊ पडते आणि सोलवटते. अशा ओलसर, उबदार जागी बुरशी लवकर वाढते. वय झालं की कातडी पातळ होते. मधुमेह असला तर बुरशीला आणखी मोकळं रान. हमसीनच्या दिवसांत तर दुपारपर्यंत ब्राची खालची पट्टी घामाने चिंब होते. त्यात आदल्या दिवशीची ओल असेल किंवा साबण नीट निघालेला नसेल, तर कातडीचं काही खरं नाही. म्हणूनच मलम एकटं पुरत नाही.

धुवायचं कसं?

घामाची ब्रा कपड्यांच्या टोपलीत टाकून शुक्रवारची वाट पाहू नका. उन्हाळ्यात रोज एक ब्रा, रोज धुतलेली. त्यासाठी तीन-चार तरी असाव्यात. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात.

हाताने धुणं सर्वांत चांगलं. एका टबात चार-पाच लिटर कोमट पाणी घ्या. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून पाहतो ना, तसंच पाहा. उन्हाळ्यात दूद शेमेशचं पाणी चांगलंच कढत येतं, म्हणून टबात आधी थंड पाणी घाला, मग गरम. कढत पाण्याने इलॅस्टिक सैल पडतं, आणि तुमचे हात भाजतील ते वेगळंच.

चहाचा एक चमचा सौम्य पातळ साबण पुरे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज चुकीचा आहे. साबण जितका जास्त, तितका तो कापडात राहण्याचा संभव अधिक. जिथे पाणी जड आहे, जिथे किटलीला पांढरा थर बसतो, तिथे तर तो सहज निघत नाही. घाम आला की तोच साबण कातडीला झोंबतो. ब्लीच वापरू नका, त्याने इलॅस्टिक लवकर मरतं. कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव्यही घालू नका. त्याचा थर बसला की कापड घाम शोषत नाही.

ब्रा पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. संधिवाताने बोटं आखडलेल्या बहिणींनी घासायची काळजी करू नये, निम्मं काम भिजण्यानेच होतं. मग खालची पट्टी आणि काखेजवळचा भाग बोटांनी हलके चोळा. नंतर स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा चुबका. पाण्याला फेस येईनासा झाला की झालं. पिळू नका. कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करा आणि वरून दाबा, पाणी टॉवेलात उतरतं. टब जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि खुर्चीवर बसून धुवा. ओल्या फरशीवर वाकून धुताना पाय घसरला तर पुरळापेक्षा मोठं संकट ओढवेल.

मशीनमध्ये धुवायची झाली तर आकडे लावून जाळीच्या पिशवीत घाला. ‘अदिनीम’ लिहिलेलं चक्र लावा, 30 अंशांवर. कपडे सुकवायच्या मशीनमध्ये मात्र ब्रा घालू नका. पुरळ आलेलं असेल तेवढ्या काळात सुती, तारेविना ब्रा वापरा. लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर ती 60 अंशांवर धुवा, कोमट पाण्याने बुरशी मरत नाही.

वाळवायचं कसं?

हे सर्वांत महत्त्वाचं. ब्रा वाऱ्यावर, उघडी, पूर्ण कोरडी होईपर्यंत वाळली पाहिजे. मिरपेसेतमध्ये सावलीत, जिथे हवा खेळते तिथे. कडक उन्हात रोज वाळवली तर इलॅस्टिक लवकर कडक होतं. पट्ट्यांनी टांगू नका, ओल्या वजनाने पट्ट्या लांबतात. दोन कपांच्या मधल्या भागावरून दोरीवर टाका किंवा खालच्या पट्टीला चिमटे लावा.

खिडकीबाहेरच्या दोरीवर घालायला ओणवं होऊ नका. घडीचं स्टँड घ्या आणि ते खोलीत उघड्या खिडकीजवळ ठेवा. समोरच्यांची लाज वाटत असेल तर खिडकीच्या बाजूच्या दांडीवर चादर घाला आणि आतल्या बाजूला ब्रा. मात्र दोन्हींमध्ये वीतभर अंतर हवं. आडोसा करा, पांघरूण घालू नका. मावशीला मी हेच करून दिलं. तिचंही समाधान झालं आणि कापडालाही वारा मिळाला.

कातडीची निगा

अंघोळीनंतर स्तनाखालची जागा टॉवेलने टिपून कोरडी करा, घासू नका. पंख्यासमोर दोन मिनिटं बसलात तरी चालेल. पावडर थापू नका, घामाबरोबर तिचे गोळे होतात आणि ते टोचतात. त्यापेक्षा मलमलच्या जुन्या रुमालाची घडी स्तनाखाली ठेवा आणि ओली झाली की बदला. रात्री झोपताना ब्रा काढून ठेवा. नवी ब्रा घेताना सर्वांत बाहेरच्या आकड्यावर नीट बसेल अशी घ्या, म्हणजे पुढे सैल झाली की आतले आकडे वापरता येतात. शेवटच्या आकड्यावरही ती वर सरकत असेल तर तिला निरोप द्या. हात मागे जात नसतील तर पुढून आकडे असलेली घ्या.

ज्या बहिणींचं स्तनाचं ऑपरेशन झालं आहे आणि ज्या सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरतात, त्यांनी ब्रा धुण्याआधी तो खिशातून काढावा. तो वेगळा, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा, टिपून कोरडा करून त्याच्याच डब्यात ठेवावा. त्याच्याजवळ टाचणी किंवा सेफ्टी पिन आणू नये.

धुताना नजर असू द्या

हाताने धुण्याचा आणखी एक फायदा आहे. कपाच्या आत डाग दिसला तर तो घासून विसरून जाऊ नका. रक्ताचा डाग किंवा आपोआप आलेल्या पाण्याचा डाग असेल, एकाच स्तनाग्रावर बरी न होणारी खपली असेल, कातडीला खळगा पडला असेल किंवा गाठ लागली असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. 50 ते 74 वयाच्या स्त्रियांसाठी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची सोय आहे, ती चुकवू नका. वय त्याहून जास्त असेल तरी यातलं काही दिसल्यावर गप्प बसायचं नाही. पुरळ आठवड्याभरात कमी झालं नाही, त्याला वास किंवा पू आला, कातडी फाटली किंवा ताप आला तरीही डॉक्टरांकडे जावं. पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर तपासून घ्यावी.

घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. बायको अंथरुणाला खिळलेली असेल तर हे काम तुमच्याकडे किंवा मेतापेलेतकडे येतं. तिला संकोच वाटतो, ती बोलणार नाही. तुम्हीच विचारा, “खाज येते का? आग होते का?” मेतापेलेतला धुण्या-वाळवण्याची पद्धत एकदा स्वतः दाखवा.

मावशीची साखरही नंतर थोडी ताब्यात आली. मलम पूर्ण मुदतभर लावलं, ब्रा वाऱ्यावर वाळू लागली आणि तो हिवाळा सुखाचा गेला. पुढच्या उन्हाळ्यात एकदा थोडी लाली आली. या वेळी तिने दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. मला त्याचाच जास्त आनंद झाला.

एलोहीम सर्वांना आरोग्य देवो.