पाचटाची भाजणी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत गावाहून काकांचा फोन आला. ऊस कारखान्याला गेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे रानातलं पाचट पेटवलं होतं. दुपारी वारा फिरला आणि आग बांध ओलांडून शेजारच्या उभ्या उसात शिरली. दहा-बारा गुंठे ऊस होरपळला. काकांनी भरपाई दिली, शेजाऱ्यांनीही फार ताणून धरलं नाही. पण तीस वर्षं बांधाला बांध लावून शेती केलेली ती दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

आमचं गाव बेळगावपासून तासाभरावर. मी बी.ई. करून बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. शेतीतलं मला कळतं ते सुट्टीपुरतं. तरी त्या फोननंतर एक प्रश्न डोक्यातून जाईना: एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जाळून टाकण्यापेक्षा त्याचं इंधन का करू नये? शोधता शोधता एक शब्द सापडला – टॉरिफॅक्शन. फ्रेंच भाषेत कॉफीच्या बिया भाजण्यालाही हाच शब्द आहे. आपल्या घरातला शब्द वापरायचा तर भाजणी!

थालीपिठाची भाजणी करताना आई काय करते? मंद आचेवर धान्य खमंग होईपर्यंत परतते, करपू देत नाही. टॉरिफॅक्शनमध्ये काडीकचऱ्याचं तेच होतं. वाळलेलं पाचट, भुसा किंवा लाकडाचे तुकडे बंद भांड्यात, हवा जवळजवळ न लागू देता, 200 ते 300 अंश सेल्सिअसला साधारण पाव तास ते तासभर तापवायचे. हवा नसल्याने ते पेट घेत नाहीत. त्यातलं पाणी निघून जातं आणि हेमिसेल्युलोज नावाचा घटक फुटून वायूरूपात बाहेर पडतो. उरतं ते तपकिरी, ठिसूळ इंधन. याहून बरंच जास्त तापवलं तर लोणारी कोळसा होईल, पण त्यात मूळची बरीच उष्णता वायूबरोबर निघून जाते.

आता थोडं गणित. भाजल्यावर वजन साधारण 70 टक्के उरतं, पण उष्णता देण्याची ताकद सुमारे 90 टक्के शिल्लक राहते. 90 भागिले 70 म्हणजे जवळपास 1.3. थोडक्यात, किलोमागे सव्वापटीहून जास्त उष्णता. बाहेर पडलेला वायूही फुकट जात नाही. तोच जाळून भट्टी तापवता येते.

दुसरा फायदा गुऱ्हाळ पाहिलेल्यांना लगेच कळेल. अवकाळी पावसात चिपाडं भिजली की चुलवाण धुमसत राहतं आणि काहिलीतला रस काही उकळत नाही. भाजलेलं इंधन पाणी फार धरत नाही. तिसरा फायदा वीजकेंद्रांचा. तिथे कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. कच्ची काडी चिवट असते, दळताना तिचे धागे निघतात. भाजलेली काडी कोळशासारखी दळली जाते.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा बांधाकडेला राहिलेलं थोडं पाचट घेतलं आणि अंगणातल्या चुलीवर प्रयोग केला. पत्र्याच्या डब्यात बारीक तुकडे भरले, वाफ जायला झाकणाला भोक पाडलं आणि तापमापीची तार आत सोडली. पहिला घाणा करपून काळा पडला. दुसऱ्या वेळी विस्तव मागे ओढत 260 अंशांच्या आसपास ठेवला. डबा पूर्ण गार झाल्यावर उघडला, तर आत फिल्टर कॉफीच्या पुडीच्या रंगाचं पाचट! दोन बोटांत चुरलं की भुगा होत होता. काकांनीही चुरून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "हे बरं आहे. पण न्यायचं कुणी आणि घेणार कोण?"

गंमत अशी की काकांनी विचारलेला प्रश्न या तंत्रज्ञानाला चाळीस वर्षं छळतो आहे. 1980च्या दशकात फ्रान्समध्ये धातूउद्योगासाठी लाकूड भाजण्याचा कारखाना निघाला. काही वर्षांतच तो बंद पडला, कारण खर्च परवडेना. पुढे नेदरलँड्समध्ये यावर बरंच संशोधन झालं. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बोर्डमन वीजकेंद्रात कोळशाऐवजी हे इंधन जाळून पाहिलं, पण 2020 मध्ये ते केंद्रच बंद झालं. भाजण्याचं शास्त्र सोपं आहे, पण मोठ्या भट्टीत सगळीकडे सारखी आच ठेवणं अवघड आहे. तापमान थोडं चढलं की माल स्वतःच तापत जातो, डांबरासारखा चिकटा नळ्यांत बसतो. शिवाय भाजलेला भुगा कांड्यांत दाबताना नीट चिकटतही नाही.

भारतात मात्र सध्या याला मागणी तयार होते आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांना 5 टक्के जैवइंधन मिसळण्याचं धोरण आणलं. कांडी पेंडीसारख्या दिसणाऱ्या या कांड्यांना पेलेट म्हणतात. ज्या केंद्रांत बॉल अँड ट्यूब प्रकारच्या गिरण्या आहेत, त्यांना भाजलेलेच पेलेट वापरायला सांगितलं. 2022 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उत्तरेतल्या भाताच्या काडासाठी पेलेट आणि टॉरिफॅक्शनच्या कारखान्यांना अनुदान देऊ केलं. वाहतुकीच्या प्रश्नावर विद्युत मोहन या भारतीय तरुणाच्या 'टाकाचार' कंपनीने वेगळा मार्ग काढला: काडी कारखान्यात नेण्याऐवजी छोटी भट्टीच ट्रॅक्टरमागे लावून शेतावर न्यायची. या कल्पनेला 2021 मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

हे सगळं मी काकांना उत्साहाने सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "सगळं पाचट उचलून नेलंस, तर माझ्या जमिनीला काय ठेवतोस?"

माझ्या गणितात हा रकानाच नव्हता. पाचट रानात कुजलं तर सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, तण दबतं. जाळलं की नत्र धुरात जातो. भाजून विकलं तर पालाश आणि बाकीची खनिजं कांड्यांबरोबर वीजकेंद्रात जातात, आणि तिथेही तोच पालाश बॉयलरच्या नळ्यांवर थर धरून त्रास देतो. म्हणजे जे शेताला हवं तेच भट्टीला नको!

म्हणून माझं मत बदललं. हे तंत्रज्ञान चांगलं आहे, पण प्रत्येक काडी त्यासाठी नाही. पंजाब-हरियाणात पुढच्या पेरणीआधी काड हटवायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, तिथे ते उपयोगी आहे. विदर्भातल्या पऱ्हाट्या, मराठवाड्यातल्या तुराट्या, लाकडाच्या वखारीतला भुसा हे लवकर कुजत नाहीत, तेही भाजायला योग्य. खोडव्यातलं पाचट मात्र मातीचं आहे. आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखे गाव सोडून यंत्रांच्या जगात आले आहेत. घरच्या शेतासाठी काही नवं सुचवताना आधी मातीचा वाटा बाजूला काढावा, एवढं मी यातून शिकलो.

यंदा ऊस गेल्यावर काकांनी पाचट पेटवलं नाही. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र भाड्याने आणायचं ठरलं, पण एकट्याच्या रानासाठी ते परवडेना. शेवटी काका बांधापर्यंत गेले आणि शेजाऱ्यांना हाक मारली. भाडं दोघांत वाटून घेतलं. त्या दिवशी दोघांचा चहा आमच्याच अंगणात झाला, माझी भाजणी केलेल्या त्याच चुलीवर.