ब्रेक मारला की गाडी पुढून का बसते?

रायपूरला पंडरीच्या कपडा मार्केटकडे वळताना पुढची ई-रिक्षा अचानक थांबते. आपण पुढचा ब्रेक दाबतो आणि बाइक नाकावर येते. लगेच निदान ठरतं: शॉकअप गेले, नवे टाका. खर्च करण्याआधी थोडं थांबा, कारण गाडी पुढून बसणं हा मुळात बिघाडच नाही.

ब्रेक लागला की भार पुढच्या चाकाकडे सरकतो. चालकासह २१० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ६५ सेंटीमीटर उंचीवर, व्हीलबेस १३० सेंटीमीटर, आणि ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट धरला, तर सुमारे ६३ किलो भार मागून पुढे येतो. कितीही महाग फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, बसवा, हा आकडा जवळपास तोच राहतो. याच भारामुळे पुढच्या टायरला पकड मिळते. म्हणून फोर्क थोडा बसायलाच हवा. धोका आहे तो पार तळाला टेकण्याचा. तसं झालं आणि त्याच क्षणी खड्डा आला, तर तो झेलायला फोर्कमध्ये जागाच उरत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे ‘जाड ऑइल टाका, बसणार नाही’. काही जण फोर्कमध्ये चक्क इंजिन ऑइल ओततात. फोर्क किती बसेल हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते. किती वेगाने बसेल, ते ऑइल. ब्रेकचा दाब कायम राहिला तर जाड ऑइलचा फोर्कही शेवटी जवळपास तेवढाच खाली जातो, फक्त जरा उशिरा. आणि साध्या फोर्कमध्ये ऑइल बारीक छिद्रांतून ढकललं जातं; हालचाल जितकी वेगवान, तितका अडथळा जास्त. ब्रेकने बसण्याची हालचाल तुलनेने संथ असते, खड्ड्याची फार वेगवान. म्हणजे ब्रेकमध्ये फायदा नाममात्र, पण खड्ड्यात दणका थेट मनगटाला. ओळीने स्पीडब्रेकर आले की फोर्क पुरता वर यायच्या आत पुन्हा दाबला जातो, तो त्रास वेगळाच.

स्प्रिंगवर वॉशर टाकूनही स्प्रिंग कडक होत नाही. गाडीचं तोंड थोडं उंच राहतं, एवढंच. उलटे, म्हणजे यूएसडी फोर्क आपल्याकडे २०१२च्या ड्यूक २०० पासून घरोघरी पोचले. ते सहजासहजी वाकत नाहीत, हा त्यांचा खरा गुण. पण आतली स्प्रिंग मऊ असेल तर तेही तसेच बसतात.

फोर्क बसूच नये यासाठी १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांनी ब्रेकच्या दाबाने ऑइलची वाट आवळणारी यंत्रणा आणली होती. ब्रेक मारताना खड्डे टोचू लागले आणि ती मागे पडली. बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये टेलिलिव्हर आणून फोर्कची रचनाच बदलली; ते काम गॅरेजमध्ये होणारं नाही.

आपण काय करायचं? आधी ऑइल सील गळतंय का बघा आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल नेमक्या पातळीपर्यंत भरून घ्या. मग फोर्कच्या चकचकीत नळीवर, सीलला टेकवून, एक झिप टाय बांधा. नवा रायपूरच्या एखाद्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर नेहमीच्या वजनासह कडक ब्रेक मारा. टाय जिथवर सरकला ते अंतर मॅन्युअलमधल्या ट्रॅव्हलशी ताडून बघा. १३० मिलिमीटरपैकी पंधरा-वीस शिल्लक असतील, तर फोर्कला हात लावू नका. काहीच उरत नसेल, तर आपल्या वजनाला साजेशी कडक स्प्रिंग घ्या. अख्खा फोर्क बदलण्याची गरज क्वचितच पडते.