कुटुंब आणि राष्ट्र : ‘यांकी डूडल डँडी’ (१९४२) या संगीतपटातील चरित्राची मांडणी

अमेरिकन रंगभूमीवरील नट, गीतकार, नाटककार व निर्माते जॉर्ज एम. कोहॅन (१८७८–१९४२) यांच्या जीवनावर आधारलेला ‘यांकी डूडल डँडी’ हा संगीतपट वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने १९४२ मध्ये प्रदर्शित केला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ होते. कोहॅन यांच्या भूमिकेसाठी जेम्स कॅग्नी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. चरित्रपट म्हणून हा चित्रपट ओळखला जात असला, तरी चरित्राचे साधन म्हणून तो भरवशाचा नाही. मात्र त्यात काय गाळले आणि काय बदलले हे पाहिले असता, युद्धकालीन अमेरिकेला कोणत्या प्रकारचा कलावंत हवा होता हे पुष्कळ स्पष्ट होते.

कोहॅन यांचे घराणे आयरिश वंशाचे. वडील जेरी, आई नेली, बहीण जोसी आणि जॉर्ज अशा चौघांचे हे बिऱ्हाड ‘फोर कोहॅन्स’ या नावाने गावोगावी व्होडव्हिलचे, म्हणजे गाणी, नाच व विनोदी प्रवेश यांच्या मिश्र करमणुकीचे, प्रयोग करीत असे. खेळ संपल्यावर आईच्या, वडिलांच्या, बहिणीच्या आणि स्वतःच्या वतीने प्रेक्षकांचे आभार मानण्याचा जॉर्ज यांचा प्रघात होता. चित्रपटाने या आभारप्रदर्शनाला जवळजवळ धृपदाचे स्थान दिले आहे. वडिलांच्या मृत्युशय्येपाशी तेच शब्द पुन्हा येतात आणि रंगमंचावरचा उपचार घरातल्या शोकाचा भाग होतो. वॉल्टर ह्यूस्टन यांचा जेरी आणि कॅग्नी यांचा जॉर्ज यांच्यातील हा प्रसंग संपूर्ण चित्रपटात सर्वांत संयत आहे.

हे कुटुंब उभे करताना तपशिलांची बरीच उलथापालथ झाली. जोसी प्रत्यक्षात थोरली, पण पडद्यावर ती धाकटी होते. ती भूमिका कॅग्नी यांची सख्खी बहीण जीन हिने केली, तर आईची भूमिका करणाऱ्या रोझमेरी डीकॅम्प कॅग्नी यांच्याहून अकरा वर्षांनी लहान होत्या! कोहॅन यांचा जन्मदिवस चित्रपटात ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, असा ठामपणे सांगितला आहे. कुटुंबाचाही तोच आग्रह होता, परंतु बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ३ जुलै ही तारीख आहे. एका दिवसाचा हा फरक क्षुल्लक नव्हे. चित्रपटाची सारी रचनाच राष्ट्राचा आणि नायकाचा वाढदिवस एक मानण्यावर उभी आहे.

काळाच्या बाबतीतही हेच घडते. चित्रपटाच्या चौकटीत कोहॅन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भेटीस जातात, त्यांना जीवनकथा सांगतात व पदक स्वीकारतात. रूझवेल्ट यांची भूमिका कोहॅन यांनी ज्या नाटकात केली ते १९३७ चे. पदकाचा कायदा १९३६ चा आणि पदक प्रदान झाले १९४० मध्ये. पण पडद्यावर हे सर्व युद्ध सुरू झाल्यानंतर घडते आणि व्हाइट हाउसमधून बाहेर पडलेले कोहॅन कूच करणाऱ्या सैनिकांत मिसळतात. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा चित्रीकरणाला नुकता कोठे प्रारंभ होत होता, आणि मे १९४२ मध्ये न्यूयॉर्कमधील पहिल्या खेळाला युद्धरोखे घेणाऱ्यांना प्रवेश होता, हे ध्यानात घेतले की या कालविपर्यासाचे प्रयोजन कळते.

खरी अडचण १९१९ च्या संपाची होती. ‘ॲक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघटनेने त्या वर्षी ऑगस्टमध्ये निर्मात्यांविरुद्ध संप पुकारला. स्वतः नट असलेले कोहॅन निर्मात्यांच्या बाजूने उभे राहिले, प्रतिस्पर्धी संघटनेला त्यांनी पाठबळ दिले आणि अनेक जुने स्नेही गमावले. संप नटांनी जिंकला. चित्रपटात याचा मागमूसही नाही. संहितेला संमती देण्याचा अधिकार कोहॅन यांच्याकडे होता, हे त्याचे एक कारण असावे. परंतु तेवढ्यानेच उलगडा होत नाही. रंगभूमी हे एकदिलाचे कुटुंब आणि राष्ट्र हे त्याचे विस्तारित रूप, असे एकदा मांडले की मालक व कामगार यांच्यातील झगड्याला त्यात जागा उरत नाही. गंमत अशी की, कॅग्नी स्वतः चित्रपटनटांच्या संघटनेचे खंदे कार्यकर्ते होते व १९४२ मध्येच तिचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये त्यांच्यावर साम्यवादी असल्याचा आरोप होऊन चौकशीत ते निर्दोष ठरले होते. निःसंशय देशभक्ताची ही भूमिका त्यांनाही सोयीची होती.

विवाहाचीही तीच गत झाली. कोहॅन यांच्या पहिल्या पत्नी एथेल लेव्ही नामांकित गायिका-अभिनेत्री होत्या. १९०७ मध्ये हा विवाह घटस्फोटाने संपला व पुढे ॲग्नेस नोलन यांच्याशी कोहॅन यांचा दुसरा विवाह झाला. चित्रपटात मात्र मेरी नावाची एकच निष्ठावान सहचारिणी आहे. लेव्ही यांनी खासगीपणाचा भंग झाल्याचा दावा कंपनीविरुद्ध लावला. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. मेरी हे पात्र मुख्यतः काल्पनिक असून त्यात लेव्ही यांचे चित्रण झालेले नाही, असे न्यायालयाचे मत पडले.