गाडीचे ‘कार्पेट क्षेत्रफळ’

घराखालोखाल मोटारगाडी ही मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी असते. घर घेताना आपण बिल्ट-अप किती आणि कार्पेट किती, हे आवर्जून विचारतो. गाडी घेताना मात्र बाहेरून दिसणाऱ्या आकारावरच समाधान मानतो.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या शाखेत वाहन कर्जाचे काम पाहत असताना एक ग्राहक एका भारदस्त एसयूव्हीचे कोटेशन घेऊन आले. पती-पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई-वडील असे सहा जणांचे कुटुंब. वर्षातून दोनदा नाशिकला मूळ घरी जाणे-येणे. कागदपत्रे चोख होती, उत्पन्नही पुरेसे होते. मी सहज विचारले, “आईंना गाडीत बसवून पाहिलेत का?” ते क्षणभर थांबले. शोरूममध्ये ते आणि मुलेच गेली होती. अर्ज तसाच ठेवून ते परतले.

हा प्रश्न प्रत्येक मोठ्या कुटुंबाने स्वतःला विचारावा असा आहे. त्यासाठी गाडीची रचना थोडी समजून घेऊ.

चौकट आणि तळ

स्कॉर्पिओसारख्या पारंपरिक एसयूव्हीत शिडीच्या आकाराची पोलादी चौकट असते आणि तिच्यावर गाडीचा सांगाडा बसविलेला असतो. ही रचना दणकट असते. खडबडीत रस्त्यावर तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु चौकटीच्या जाडीमुळे आतील तळ उंच होतो. छप्पर मात्र त्या प्रमाणात वर नेता येत नाही. परिणामी तिसऱ्या रांगेतील आसन तळाला टेकलेले राहते आणि बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात. मांड्यांना आधार न मिळाल्याने तास-दोन तासांतच कंबर कुरकुरू लागते.

मिनीव्हॅनचा विचार याउलट आहे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्या आणल्या. त्यांत पुढील चाकांना शक्ती दिल्याने मागील चाकांकडे जाणारा दांडा उरला नाही आणि तळ सपाट व खाली ठेवता आला. आपल्याकडे याच प्रकाराला एमपीव्ही म्हणतात. २०१२ मध्ये आलेली एर्टिगा आणि २०२२ मधील कॅरेन्स ही त्याची परिचित उदाहरणे.

अर्थात नावावरून निष्कर्ष काढू नये. इनोव्हा क्रिस्टा ही एमपीव्ही असूनही चौकटीवर उभी होती, तर २०२१ ची एक्सयूव्ही ७०० ही एसयूव्ही असूनही स्वतंत्र चौकटीविना, एकसंध सांगाड्याची होती.

आकडे काय सांगतात?

माहितीपत्रकात लांबीबरोबरच पुढील व मागील चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, अवश्य पाहावा. तिन्ही रांगांची माणसे प्रामुख्याने याच अंतरात सामावतात. २०२२ ची स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिलिमीटर लांब, तर २०१८ ची दुसऱ्या पिढीची एर्टिगा ४३९५ मिलिमीटर. फरक २६७ मिलिमीटरचा. व्हीलबेस मात्र अनुक्रमे २७५० आणि २७४०, म्हणजे फरक अवघा १० मिलिमीटरचा! क्रिस्टानंतर हायक्रॉस आली तेव्हा लांबी केवळ २० मिलिमीटरने वाढली, व्हीलबेस मात्र १०० मिलिमीटरने.

दुसरा आकडा सामानाच्या जागेचा. ही जागा नेहमी सर्व आसने उभी असताना किती, हे विचारावे. चार मीटरच्या आतील ट्रायबरमध्ये तिसरी रांग काढल्यास ६२५ लिटर जागा मिळते. सातही आसने ठेवल्यास केवळ ८४ लिटर. सात माणसे आणि सात जणांचे सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही चार मीटरच्या मर्यादेला आर्थिक महत्त्व आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. तिसरी रांग वर्षातून चारदाच लागणार असेल, तर लहान गाडी घेऊन त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी करणे हाही शहाणपणाचा हिशेब ठरतो.

खरेदीपूर्वी

शोरूममध्ये संपूर्ण कुटुंब न्यावे. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला स्वतःहून चढू-उतरू द्यावे. पुढील आसने नेहमीच्या जागी ठेवून सर्वांत उंच व्यक्तीने तिसऱ्या रांगेत दहा मिनिटे बसावे. तेथे वातानुकूलनाची हवा पोहोचते का आणि प्रत्येकासाठी सीट बेल्ट आहे का, हे पाहावे. गावाकडचा रस्ता खाचखळग्यांचा किंवा घाटातील कच्चा असेल, तर मात्र एसयूव्हीची उंची हीच खरी सोय होय.

ते ग्राहक आठवड्याने परत आले. पायदानावर पाय ठेवूनही त्यांच्या मातोश्रींना गाडीत चढता आले नव्हते आणि “तुम्ही जा, मी घरीच थांबते,” असे त्या म्हणाल्या होत्या. नवे कोटेशन एका एमपीव्हीचे होते. मुले थोडी हिरमुसली होती, असे ते हसत म्हणाले.

कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात आणि त्या काळात मुलांची उंची वाढते, वडीलधाऱ्यांचे गुडघे थकतात. म्हणून गाडी निवडताना आजच्याबरोबर शेवटच्या हप्त्याच्या दिवशीचे कुटुंबही डोळ्यांसमोर आणावे.